फुलं गळतात, मिरची धरत नाही: आधी महिना बघा, मग औषध

आधी लक्षण सांगतो, म्हणजे आपण एकाच दुखण्याबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. रोप हिरवंगार, पानं टवटवीत, बुंधा पेन्सिलीएवढा जाड. पांढरी फुलं येतात, दोन-तीन दिवस माना खाली घालून लटकतात, मग देठ पिवळा पडतो आणि सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर देठासकट पडलेली सापडतात. मिरचीचा पत्ता नाही. पंधरा दिवसांनी नवा बहर येतो आणि पुन्हा तेच.

माझं घर नागपूरच्या मनीषनगरात, चौथ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर. गच्चीवर सोसायटी कुंड्या ठेवू देत नाही, आणि दिल्या असत्या तरी वानरांनी ठेवल्या नसत्या. म्हणून सगळी शेती घरातच, स्वयंपाकघराच्या दक्षिणेच्या खिडकीत आणि हॉलच्या पूर्वेच्या खिडकीत. साठ-पासष्ट किलोमीटरवर भिवापूर, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन. उन्हाळ्याच्या तोंडाशी कळमन्याच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग लागतात, आणि माझ्याकडे चार कुंड्या असून ठेच्यापुरती मिरची निघत नव्हती. आई मूळची उमरेडकडची. तिचं निदान एका वाक्याचं होतं, "मिरचीले ऊन पाह्यजे, कौतुक नाई." ती अर्धी बरोबर निघाली.

पहिली दोन वर्षं मी जे करत होतो तेच बहुतेक लोक करतात. फुलं गळाली की उपाय शोधायचा. कोणी ताक-हिंगाचं पाणी फवारायला सांगितलं, कोणी केळीच्या सालीचं पाणी, कोणी राख, कोणी डीएपी खताचे चार दाणे. एप्रिलमध्ये ताक-हिंग फवारलं, फुलं गळाली. मेमध्ये केळीची सालं घातली, फुलं गळाली आणि वर चिलटं झाली. ऑगस्टमध्ये राख टाकली, काही नाही. ऑक्टोबरात शेजारच्या काकूंनी दिलेलं कसलंसं द्रावण घातलं आणि तीन आठवड्यांत रोपावर मिरच्या लटकल्या! मी ते द्रावण चार घरी वाटलं. पुढच्या मार्चअखेरीस तेच द्रावण, तेच रोप, आणि फुलं पुन्हा कट्ट्यावर.

तेव्हा कालनिर्णयाच्या पानांवर फुलं गळाल्याच्या आणि मिरची धरल्याच्या तारखा लिहायला लागलो. वर्षभराची पानं समोर ठेवली तेव्हा दिसलं की औषधांचा आणि मिरचीचा फारसा संबंधच नव्हता, महिन्याचा होता. नागपुरात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोपाला काहीही घाला, मिरची लागते आणि श्रेय त्या बाटलीला जातं. एप्रिल-मेमध्ये काहीही घाला, फुलं गळतात आणि आपण बाटली बदलतो.

म्हणून फुलं गळायला लागली की आधी खत-पाण्याला हात लावू नका. पडलेली चार-पाच फुलं उचला आणि तळहातावर घेऊन बघा. फूल पूर्ण उमललेलं, देठ पिवळा आणि फुलाच्या मागे काहीच नाही, असं असेल तर फलधारणाच झालेली नाही. मग संशय उष्णतेवर, थंडीवर किंवा परागीभवनावर. फुलाच्या पाकळ्या सुकल्यात आणि मागे बाजरीच्या दाण्याएवढी हिरवी मिरची आहे, पण तीही पिवळी पडून गळाली, तर धरलं होतं, रोपाला पोसवलं नाही. मग प्रकाश आणि पाणी तपासा. कळ्याच न उमलता गळत असतील तर उजेड कमी आहे, रोपाला मोठा ताण बसलाय किंवा कळीत फुलकिडे आहेत. ही वाटणी काही दगडावरची रेघ नाही, दोन कारणं एकत्रही असतात, पण शोधायला कुठून सुरुवात करायची ते कळतं.

रात्रीचं तापमान

नागपुरातल्या घरांत सगळ्यात मोठा गुन्हेगार हाच, आणि तो दिवसा सापडत नाही. मिरचीला फळ धरायला दिवसा साधारण 20 ते 30 अंश आणि रात्री 18 ते 22 अंश मानवतं. दिवसा पारा 35 च्या वर आणि रात्री 24-25 च्या वर राहू लागला की पराग कमजोर होतात, फलधारणा होत नाही आणि रोप फूल टाकून देतं. उलट बाजूने, रात्र 15 अंशांच्या खाली गेली तरी फलधारणा मंदावते.

आपल्याला नागपूरकरांना दिवसाच्या 45-46 अंशांचीच धास्ती, म्हणून आपण रोप दुपारी सावलीत सरकवतो आणि कर्तव्य झालं असं मानतो. मी एक कमाल-किमान तापमापी आणून कुंडीशेजारी, पानांच्या उंचीवर टांगली. मे महिन्यात पहाटे किमान आकडा पाहिला तर 32. शेवटच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती ऊब रात्रभर खोलीत सोडत राहतो, त्यामुळे बाहेर पहाट थोडी निवली तरी आत भट्टीच. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांना एवढा त्रास नसेल, पण आकडा स्वतःच्या घरात बघा. हवामानाच्या अ‍ॅपवरचं तापमान बाहेरचं असतं, तुमच्या कट्ट्यावरचं नाही.

यात आणखी एक मेख आहे. उष्णतेचा फटका फूल उमलतानाच बसतो असं नाही. परागकण कळीतच, उमलायच्या कितीतरी दिवस आधी तयार होतात आणि तेव्हाच बिघडतात. म्हणजे आज रोप कूलरच्या खोलीत नेलं तरी पुढचे दोन आठवडे उमलणारी फुलं आधीच वाया गेलेली असू शकतात. लोक इथेच धीर सोडतात. चार दिवसांत फरक दिसला नाही की रोप पुन्हा जुन्या जागी, आणि वर एक चमचा युरिया.

कूलरने काय होतं? वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्याच्या ताट्यांचा कूलर कोरड्या एप्रिल-मेमध्ये खोली चांगली खाली आणतो, हवेत ओलावाही आणतो. पण रोप थेट झोतात ठेवू नका. सतत जोराच्या वाऱ्याने पानं फडफडून दमतात आणि कुंडीची माती दुप्पट वेगाने सुकते. झोताच्या बाजूला, कोपऱ्यात ठेवा. एवढं करूनही माझ्याकडे रात्रीचा आकडा 28 च्या खाली गेला नाही, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर कूलरही गरम हवाच फेकतो. एसीच्या खोलीत रात्रीचं गणित सुटतं, पण मिरचीसाठी रात्रभर एसी लावायचा म्हणजे त्या मिरचीचा भाव केशराच्या पंगतीला जाऊन बसेल.

माझा निर्णय असा, आणि यावर माझी बोलणी खायची तयारी आहे: नागपुरात साधारण 10 एप्रिल ते 15 जून या काळात घरातल्या मिरचीकडून फळाची अपेक्षा सोडून द्या. मार्चअखेरच्या मिरच्या तोडून झाल्या की रोप वरून एक तृतीयांश छाटा, येणारी फुलं खुडत राहा, खत बंद, पाणी जपून. मिरची एका हंगामात मरणारं झाड नाही. जपली तर दोन-तीन वर्षं जगते, छाटल्यावर नवे फुटवे देते. पहिला दमदार पाऊस झाला की तेच रोप नव्याने फुटतं. उन्हाळ्यात फळासाठी त्याला छळून मारण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

थंडीचं उलट. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची पहाट दहाच्या आसपास येते, कधी त्याखालीही जाते. गच्चीवरच्या मिरच्या तेव्हा थांबतात. आतल्या खोलीत मात्र खिडकी रात्री बंद ठेवली तर पारा 17-18 च्या खाली सहसा जात नाही. उन्हाळ्यात ज्या स्लॅबला आपण शिव्या घालतो तोच थंडीत रोपाची गोधडी होतो. घरात मिरची लावण्याचा आपल्याकडे खरा फायदा नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच आहे.

खिडकीतलं ऊन

दक्षिणेची खिडकी सर्वात चांगली, असं सगळे सांगतात. नागपुरात हे वर्षातले काही महिनेच खरं आहे.

शहर साधारण 21.15 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 22 डिसेंबरच्या सुमारास दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे 45 अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन तिरपं आत येतं. खिडकीची वरची कड जमिनीपासून जेवढी उंच, जवळपास तेवढंच ते फरशीवर पसरतं. थंडीत आपण जिथे चटई टाकून बसतो ती जागा. मग सूर्य वर सरकत जातो आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात, 26 मेच्या आसपास, नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेलाच असतो. या काळात दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं थेट ऊन पडतच नाही, आणि खिडकीवर छज्जा असेल तर त्याच्या आधी-नंतरही बराच काळ नाही. मी दोन वर्षं जून-जुलैत रोप दक्षिणेच्या कट्ट्यावर ठेवून "उजेड तर भरपूर आहे" म्हणत होतो. पेरांतलं अंतर वाढत होतं, रोप काचेकडे मान वाकवत होतं, कळ्या गळत होत्या, आणि मला काही दिसत नव्हतं.

उजेडाच्या बाबतीत डोळा फसवतोच. लक्स हे प्रकाश मोजायचं एकक, आणि भर उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो. खिडकीपासून सहा-सात फूट आत, आपल्याला छान वाटणाऱ्या उजेडात, तो काही शे ते हजारभर लक्स असतो. मोबाइलवर लक्स मोजणारी फुकट अ‍ॅप मिळतात. अगदी अचूक नसतात, पण फरक शंभरपट आहे की दुप्पट, एवढं नक्की दाखवतात. फळ धरायला मिरचीला रोज सहा तास थेट ऊन हवं, किंवा दिवसभर वीस-पंचवीस हजार लक्सच्या घरातला प्रकाश. जून ते ऑगस्टमध्ये रोप पूर्वेच्या खिडकीत न्या, जाळीच्या आत पण काचेला चिकटून. सकाळचं ऊन मऊ असतं आणि ढग नसतील तेव्हा तीन-चार तास मिळतं.

उरलेल्याची भरपाई एलईडीने होते, पण ती करायची तर नीट करा. वीस वॅटची एक पांढरी ट्यूब छतावर लावून काही होत नाही. अंतर वाढलं की प्रकाश झपाट्याने कमी होतो. ट्यूब रोपाच्या शेंड्यापासून सहा-आठ इंचांवर हवी, रोप वाढलं की ट्यूबही वर घ्यायची. एक ट्यूब रोपाला जगवते, मिरच्या देत नाही. माझ्याकडे दोन ट्यूब शेजारी शेजारी, खिडकीतल्या उजेडाच्या जोडीला चौदा तास लावल्यावर पावसाळ्यात मिरच्या धरल्या. वीस वॅटच्या दोन ट्यूब चौदा तास म्हणजे रोज 0.56 युनिट, महिन्याला सतरा युनिटांच्या आसपास. बिल बघून ठरवा. जांभळे-गुलाबी दिवेच हवेत असं नाही, साधे पांढरे चालतात. रात्रभर मात्र चालू ठेवू नका, रोपालाही काळोख लागतो.

टिचकी

आता परागीभवन. मिरचीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, दुसऱ्या रोपाची गरज नसते. पण परागकण सुटून खाली पडायला फूल हललं पाहिजे. शेतात ते काम वारा आणि मधमाशा करतात. आपल्या घरात डासांची जाळी, बंद काच आणि हवा ठप्प.

सकाळी दहा-अकराच्या सुमारास उमललेलं फूल जवळून बघा. आतले जांभळट-निळसर परागकोश उकलून त्यावर पिठासारखी भुकटी दिसली की वेळ बरोबर. फुलाच्या मागच्या देठावर बोटाने हलकी टिचकी मारा, दोन-तीन वेळा. फूल उमललेलं असेपर्यंत रोज. जुना इलेक्ट्रिक टूथब्रश असेल तर त्याची पाठ फांदीला क्षणभर लावली तरी चालतं, ती थरथर मधमाशीच्या जवळ जाते. पावसाळ्यात हवा दमट असते, पराग चिकटून बसतात, तेव्हा टिचकीआधी तासभर पंखा मंद लावून ठेवा. बायकोने माझी ओळख पाहुण्यांना "हे रोज सकाळी मिरचीला टिचक्या मारतात" अशी करून दिलेली आहे. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत, तापमान आणि उजेड ठीक असताना, माझ्याकडे सगळ्यात जास्त फरक या फुकटच्या उपायाने पडला. मेमध्ये टिचकी मारून काही उपयोग नाही, परागच निकामी असतात.

खताचं थोडक्यात. रोप फार हिरवं, फार झुपकेदार आणि फुलं मोजकी, असं असेल तर नत्र जास्त झालंय. युरिया आणि 19:19:19 खत बंद करा (हे आकडे म्हणजे खतातलं नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण). कळ्या दिसू लागल्यावर 0:52:34 किंवा 13:0:45 लिटरला एक-दोन ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीत. एवढं पुरे. गांडूळखत दोन महिन्यांतून मूठभर घातलंत तर याचीही फार गरज पडत नाही.

पाण्याबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण इथे आपल्या घरातली एक चांगली सवय आड येते. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून झाडांना घालायचं. बचत खरी, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार दाटून आलेले असतात, आणि घरातल्या कुंडीला पाऊस लागत नसल्याने ते धुऊन जात नाहीत. बोअरच्या पाण्याचंही तेच. कुंडीच्या कडेला पांढरा थर, पानांची टोकं करपलेली, धरलेल्या बारीक मिरच्या पिवळ्या पडून गळताहेत, असं दिसलं तर पाणी बदला. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी घाला, आणि महिना-दोन महिन्यांतून एकदा कुंडी न्हाणीत नेऊन तिच्या आकाराच्या तीन-चारपट साधं पाणी हळूहळू ओतून खालून वाहू द्या. आरओचं पाणी फरशी पुसायला उत्तम.

दुसरं, कुंडीत नुसती काळी माती भरू नका. शेतात ती सोनं आहे. कुंडीत सुकली की आकसते, कडेने भेग पडते, आणि आपण घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ ताटलीत. आपल्याला वाटतं पाणी भरपूर झालं, मुळं कोरडीच. मग रोप एक दिवस मान टाकतं, आपण घाबरून बादलीभर ओततो, आणि या कोरड्या-ओल्या हेलकाव्यात धरलेली फुलं जातात. मिरचीच्या टोकाशी काळपट, दबलेला डाग पडणं हेही बहुधा याच हेलकाव्याचं. मातीत कॅल्शियम असतं, पाणी तुटक मिळाल्याने ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. एक भाग काळी किंवा लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, कुंडी दहा-बारा इंचांची. बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी.

कीड तपासायला पांढरा कागद घ्या, त्यावर उमललेलं फूल झटका. बारीक, लांबट, पळणारे जीव दिसले तर फुलकिडे. पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळलेली असतील तर तेच, खालच्या बाजूला वळली असतील तर कोळी ही बारीक कीड. दोन्हींवर सुरुवातीला लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि चिमूटभर साबणाचं पाणी, संध्याकाळी, पानांच्या खालून, आठवड्याला एकदा. उमललेल्या फुलांवर फवारू नका. पानं आकसून बारीक, शेंडा गुच्छासारखा आणि रोपाची वाढ खुंटलेली दिसली तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असू शकतो, ज्याला आपण चुरडा-मुरडा म्हणतो. त्याला औषध नाही. रोप उपटून पिशवीत बांधून टाका. बाकीच्या कुंड्यांच्या लोभाने तरी टाका.

एनएए, म्हणजे दुकानात प्लॅनोफिक्स नावाने मिळणारं संप्रेरक, वापरू का, असं हमखास विचारलं जातं. शेतकरी मिरचीच्या फूलगळीवर ते वापरतात, साडेचार लिटर पाण्याला 1 मिली, म्हणजे 10 पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग). घरी चार कुंड्यांसाठी अर्धा लिटर द्रावण करायचं तर थेंब मोजावे लागतात, आणि जास्त झालं तर उलट पानं-फुलं गळतात. शिवाय रात्र 32 अंशांची आणि उजेड हजार लक्स असेल तर ते काय करणार? मी एकदा वापरलं, आता बाटली फडताळात आहे.

वाणाचा थोडा उपयोग होतो. बुटकी, बारीक आणि आकाशाकडे तोंड करून येणारी मिरची घरात मोठ्या, जाड सालीच्या मिरचीपेक्षा सहज धरते. ढोबळीचं रोप मात्र नर्सरीत कितीही गोंडस दिसलं तरी, उन्हाला ती मिरचीपेक्षा आधी हार मानते. लावायचीच असेल तर सप्टेंबरात रोप आणा आणि फेब्रुवारीपर्यंत मिळेल ते घ्या.

मिरच्या धरायला लागल्या की लोक एक शेवटची चूक करतात, कौतुकाने त्या रोपावरच लाल होऊ देतात. बी पिकवायला सगळी ताकद तिकडे जाते आणि नवी फुलं थांबतात, मग पुन्हा "फुलंच येत नाहीत" म्हणून शोधाशोध. फूल धरल्यापासून महिनाभरात हिरवी मिरची तोडण्याजोगी होते. देठासकट, कात्रीने तोडा, ओढू नका. बियाण्यासाठी एखादीच ठेवा. आमच्याकडे ती कोणती ठेवायची हे आई ठरवते, तिला लाल दोरा बांधते, आणि त्या फांदीला टिचकी मारायची मला परवानगी नाही.